जोडीतला एक सरडा मेल्यावर दुसऱ्याचं वागणं बदललं तर काय तपासायचं

एकाच टाकीतल्या दोन सरड्यांपैकी एक मरतो आणि दोन-चार दिवसांत उरलेल्याचं वागणं पालटतं. तो खाणं सोडतो, गुहेतून बाहेर येत नाही, काचेवर नखं घासत वर-खाली पळत राहतो, हात जवळ नेला की फुसकारतो. कधी उलटही होतं: आजवर कोपऱ्यात बसणारा एकाएकी चपळ होतो आणि समोर येईल ते खातो. यातलं काहीही दिसलं की पाळणाऱ्याला वाटतं, सोबती गेला म्हणून झुरतोय. असं वाटणं स्वाभाविक आहे, पण याच समजुतीपायी दुसरा सरडाही हातचा जातो. झुरणाऱ्याला आपण वेळ देतो. आजारी सरड्याकडे तेवढा वेळ नसतो, कारण सरडे आजारपण शक्य तितके दिवस लपवतात आणि बाहेर दिसू लागतं तेव्हा ते बरंच पुढे गेलेलं असतं.

म्हणून सुरुवात एका गृहीतकापासून करा: पहिला ज्यामुळे मेला ते कारण अजून टाकीत आहे. तसं नाही हे नीट तपासून कळेपर्यंत हेच धरून चाला.

पहिला दिवस

मेलेला सरडा खरंच मेला आहे का, हे आधी बघा. थंड पडलेला किंवा शीतनिद्रेत गेलेला सरडा हुबेहूब मेल्यासारखा दिसतो. खोली गार असेल तर त्याला हळूहळू त्याच्या नेहमीच्या दिवसाच्या तापमानाला आणा आणि मगच ठरवा. शंका उरली तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य डॉप्लर (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह टिपणारं यंत्र) लावून हृदयाचे ठोके ऐकू शकतो.

मृत्यूचं कारण स्पष्ट नसेल तर शव पुरू नका. घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घालून ती दुसऱ्या डब्यात ठेवा आणि डबा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, साधारण ४ अंश सेल्सिअसला, अन्नापासून दूर ठेवा. फ्रीझरमध्ये अजिबात नको. गोठल्यावर पेशींमध्ये बर्फाचे स्फटिक होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली यकृत, आतडं, मूत्रपिंड वाचता येत नाही. शवविच्छेदन २४ ते ४८ तासांत झालं तर सर्वांत उपयोगी. त्या एका अहवालानं जिवंत सरड्याचे अनेक आठवडे वाचू शकतात, म्हणून खर्चाचा विचार करताना हा खर्च मेलेल्यासाठी नसून जिवंत असलेल्यासाठी आहे हे लक्षात घ्या.

आता उरलेल्याला हलवायचं का? पहिला म्हातारपणानं, अंडी अडकून किंवा जखमेनं गेला हे नक्की असेल तर दुसऱ्याला आहे तिथेच राहू द्या. जागा बदलणं हाच सरड्यासाठी मोठा धक्का असतो आणि मग कोणतं लक्षण कशाचं हे उलगडत नाही. कारण माहीत नसेल तर मात्र साध्या टाकीत हलवा: तळाला न छापलेला कागद किंवा पेपर टॉवेल, दोन लपायच्या गुहा, एक पाण्याचं भांडं, तोच दिवा, तेच तापमान. कागदावर विष्ठा दिसते, उलटी दिसते, न पचलेला किडा दिसतो. माती-वाळूत हे सगळं झाकलं जातं.

त्याच दिवशी सरड्याचं वजन करा. बिअर्डेड ड्रॅगन या मोठ्या पाळीव सरड्यासाठी १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, लेपर्ड गेको या जाड शेपटीच्या पाळीव पालीसारख्या लहान जातींसाठी ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकाचा डिजिटल काटा पुरतो. तो काटा मग स्वयंपाकाला वापरू नका. पुढच्या सगळ्या निर्णयांचा पाया हा आकडा आहे.

आवरताना काय हललं

मृत्यूनंतर वागणं बदलण्याचं सर्वांत जास्त वेळा सापडणारं आणि सर्वांत कमी वेळा तपासलं जाणारं कारण म्हणजे पाळणाऱ्यानं त्या दिवशी टाकीत केलेली उलथापालथ. शव काढताना, माती बदलताना, फांद्या-दगड धुताना काही ना काही सरकतं.

थर्मोस्टॅटचा, म्हणजे तापमान बघून हीटर चालू-बंद करणाऱ्या यंत्राचा, सेन्सर बघा. तो शेकायच्या बाजूवरून घसरून गार कोपऱ्यात पडला असेल तर थर्मोस्टॅटला टाकी थंड वाटते, हीटर बंदच होत नाही आणि गरम बाजू भाजायला लागते. सरडा मग गार टोकाला चिकटून राहतो किंवा काच खरवडतो. सेन्सर दिव्याच्या थेट खाली आला तर उलटं घडतं: हीटर लवकर बंद होतो, टाकी गार राहते, सरडा गुहेत पडून राहतो आणि खात नाही. अन्न पचवायला लागणारी ऊब बाहेरूनच मिळवायची असल्यामुळे गार सरडा भूक गमावतो, आणि बळे भरवलं तर ते पोटात कुजतं. तारेला सक्शन कपाचा भरवसा नको, क्लिप किंवा बांधणी वापरा.

शेकायचा दगड बघा. तो धुऊन परत ठेवताना ५-७ सेंटिमीटर खाली आला तर पृष्ठभागाचं तापमान चांगलंच उतरतं. वरची फांदी काढून टाकली असेल तर सरडा यूव्हीबी ट्यूबपासून (अतिनील किरणं देणाऱ्या दिव्यापासून) दूर गेला. टाकीवर नवी बारीक जाळी बसवली असेल तर ती जाळी यूव्हीबीचा एक तृतीयांश भाग सहज खाते, आणि साधी काच किंवा प्लास्टिक मध्ये आलं तर यूव्हीबी जवळपास पूर्ण अडतं.

मोजायचं ते पृष्ठभागावर, इन्फ्रारेड थर्मामीटरनं. भिंतीला चिकटवलेली गोल डायल हवेचंही तापमान धड दाखवत नाही. प्रौढ बिअर्डेड ड्रॅगनच्या शेकायच्या जागेचा पृष्ठभाग ३८ ते ४२ अंश, गार टोक २४ ते २७, रात्री १८ च्या खाली नको. त्याच्या पाठीच्या उंचीवर यूव्ही निर्देशांक (अतिनील किरणांच्या तीव्रतेचं माप) ३ ते ५. लेपर्ड गेकोच्या गरम गुहेची जमीन ३१ ते ३३ अंश, गार बाजू २२ ते २५, आणि यूव्हीबी दिलं तर निर्देशांक १ च्या आत. यूव्हीबी ट्यूब दिसायला उजळ असली तरी तिचं यूव्हीबी कमी होत जातं. यूव्ही मोजायचं मीटर नसेल तर टी५ (बारीक, लांब) ट्यूब वर्षानं बदला. जुन्या ट्यूबखाली दोघंही राहत होते, हे विसरू नका. यूव्हीबी कमी पडलं की कॅल्शिअम अंगी लागत नाही. त्या कमतरतेनं एक गेला असेल तर दुसरा त्याच वाटेवर असू शकतो: बोटं थरथरणं, जबडा मऊ लागणं, चालताना पोट जमिनीला घासणं.

शेवटी वास. जंतुनाशकाचा उग्र वास राहिला असेल तर सरडा डोळे मिटून बसतो किंवा सतत जीभ काढत बाहेरची वाट शोधतो. तुम्हाला वास येत असेपर्यंत टाकी वापरायला तयार झालेली नाही. आणि वास अजिबात उरला नसेल तरी, पूर्ण धुतलेल्या टाकीत सरड्याच्या स्वतःच्या खुणाही पुसल्या जातात. त्याच्यासाठी ती परकी जागा असते. आजाराचा संशय नसेल तर जुनी एखादी फांदी किंवा गुहा न धुता परत ठेवा.

खाणं थांबलं की मुळात तेवढंच होतं?

दोघांना एकाच भांड्यात किंवा टाकीत सोडून किडे दिले जात असतील तर कोण किती खायचं हे कुणालाच माहीत नसतं. रोज २० किडे संपत होते, आता ८ संपतात, म्हणजे भूक मेली असं नाही. कदाचित हा ८ च खात होता. पण सवयीनं २० च सोडले जात राहिले तर नवी अडचण उभी राहते. उरलेले रातकिडे रात्री झोपलेल्या सरड्याची बोटं, शेपटीचं टोक, पापण्या कुरतडतात, आणि सरडा दिवसाही गुहा सोडत नाही. हे ‘दुःख’ किडे काढल्यावर दोन दिवसांत ओसरतं. मोजून सोडा, १५ मिनिटांनी उरलेले बाहेर काढा आणि आकडा लिहून ठेवा.

प्रौढ बिअर्डेड ड्रॅगन किंवा जाड शेपटीचा लेपर्ड गेको आठवडा-दोन आठवडे खाल्ल्याविना तगतो, वजन टिकून असेल तर. पिल्लू दोन-तीन दिवस काहीच खात नसेल तर थांबू नका. पहिल्या महिन्यात दर तीन दिवसांनी, सकाळी खाण्याआधी वजन घ्या. नोंदीत शेजारी विष्ठा कधी झाली तेही लिहा, कारण मोठ्या ड्रॅगनच्या एका शौचानं काटा १०-२० ग्रॅम उतरतो आणि उगाच घाबरगुंडी उडते. तसं धरून ४०० ग्रॅमचा ड्रॅगन ३६० वर किंवा ६० ग्रॅमचा गेको ५४ वर आला, म्हणजे दहावा हिस्सा गेला, तर पशुवैद्य गाठा.

शीतनिद्रेचा काळ योगायोगानं याच वेळी सुरू होऊ शकतो. ती सावकाश येते: आठवड्यांगणिक खाणं कमी, झोप जास्त, वजन जवळपास तेच. दोन दिवसांत मंदावलेला आणि वजन घटणारा सरडा शीतनिद्रेत गेलेला नसतो. शंका असताना दिवे कमी करू नका.

काच खरवडणं, काळी दाढी, चिडचिड

बिअर्डेड ड्रॅगन काचेवर उभा राहून पंजे मारत असेल तर तो कुठल्या काचेवर आणि किती वाजता मारतो हे दोन दिवस टिपा. एकाच बाजूला, संध्याकाळी, म्हणजे प्रतिबिंब. बाहेरची खोली अंधारी आणि टाकी उजळ असली की काचेचा आरसा होतो. त्याला समोर अनोळखी सरडा दिसतो, तो आपण मान हलवली की मान हलवतो आणि कधीच माघार घेत नाही. मातीचा ढीग, झाडं, गुहा काढून टाकी मोकळी केल्यावर हे प्रतिबिंब आणखी ठळक होतं. मागच्या व दोन्ही बाजूंच्या काचांना बाहेरून मॅट कागद लावा, टाकीचे दिवे जाईपर्यंत खोलीतला दिवा चालू ठेवा, समोरच्या काचेजवळ आडोसा उभा करा. प्रतिबिंब कारण असेल तर फरक दोन-तीन दिवसांत पडतो. पडला नाही तर पुन्हा तापमानाकडे वळा.

दाढी काळी करणं, पोटावर गडद अंडाकृती रेघा, तोंड वासून फुसकारणं हे ताणाचं लक्षण आहे, पण सकाळी अंग तापवताना ड्रॅगन मुद्दाम गडद होतो आणि शेकताना तोंड उघडं ठेवतो, ते निरोगी आहे. गार बाजूला बसून तोंड उघडं, नाकाशी बुडबुडे किंवा चिकट लाळ, श्वासाला टिकटिक आवाज, हे फुप्फुसाच्या संसर्गाचं चिन्ह समजा.

काळजीपोटी या दिवसांत सरड्याला फार वेळा बाहेर काढलं जातं. त्याला कवटाळून धीर मिळत नाही. ७ ते १० दिवस वजनाखेरीज हात लावू नका, दिवे ठरलेल्या वेळी टायमरवर चालू-बंद होऊ द्या.

मादी उकरत असेल तर

उरलेली मादी असेल, कोपरे उकरत असेल, खाणं कमी झालं असेल आणि पोटात गोट्यांसारखे गाठाळ उंचवटे लागत असतील तर ती अंड्यांवर आली आहे. नर मेला तरी प्रश्न संपत नाही. बिअर्डेड ड्रॅगन आणि लेपर्ड गेको या दोन्हींच्या माद्या शुक्राणू साठवतात, एका मीलनावर अनेक वेळा अंडी घालतात, आणि नर नसतानाही निष्फळ अंडी देऊ शकतात. ड्रॅगनला २०-२५ सेंटिमीटर खोल, मुठीत दाबली की आकार धरेल इतपत ओल्या माती-वाळूची पेटी द्या, तीत पूर्ण आत शिरून वळता येईल एवढी जागा हवी. गेकोला ओल्या मॉस किंवा नारळाच्या भुशाचा झाकणाचा डबा पुरतो. पेटीवर कापड टाकून एकांत द्या. दोन दिवस उकरूनही अंडी आली नाहीत, किंवा उकरणं थांबून ती गळाल्यासारखी पडून राहिली, तर अंडी अडकली आहेत असं समजून लगेच दाखवा.

अचानक बरा झालेला सरडा

हे वाचायला जड जाईल, पण सांगणं भाग आहे. उरलेला सरडा सोबती गेल्यावर टवटवीत झाला, उन्हाच्या जागी बसू लागला, रंग उजळला, दुप्पट खाऊ लागला, तर तो आजवर दबून जगत होता. बिअर्डेड ड्रॅगन एकमेकांवर चढून बसतात ते प्रेमानं नव्हे. वरचा दिव्याची ऊब आणि यूव्हीबी घेतो, खालच्याला सावली मिळते. मारामारी न होताही हे वर्षानुवर्षं चालतं आणि फोटोत गोड दिसतं.

अशा सरड्याला एकदम भरपूर खायला घालू नका. वय आणि जातीप्रमाणे नेहमीचा वाटा द्या, वजन आठवड्याला थोडं-थोडं वाढू द्या. शेपटीचा बुंधा आणि डोक्यामागचे उंचवटे भरू लागले की वाटा तिथेच थांबवा. बोटांची टोकं, शेपटी आणि मानेमागचा भाग जुन्या चाव्यांसाठी तपासा. कातडीचे जुने वळे बोटांभोवती अडकले असतील तर कोमट पाण्यात १० मिनिटं भिजवून ओल्या कापसानं सोडवा, कोरडे ओढू नका.

पहिला ज्यामुळे मेला त्याची तपासणी

ताजी विष्ठा बंद डबीत, फ्रिजमध्ये ठेवून २४ तासांच्या आत पोचवा. एक नमुना पुरत नाही. परजीवी रोज बाहेर पडत नाहीत, म्हणून काही दिवसांच्या अंतरानं तीन नमुने द्या. बिअर्डेड ड्रॅगनमध्ये कॉक्सिडिया हे आतड्यातले एकपेशी परजीवी अनेकदा सापडतात. थोडे असले तर प्राणी तग धरतो, ताण आला की त्यांची संख्या उसळते. विष्ठा पातळ, उग्र वासाची, कधी रक्ताळ होते. ड्रॅगनचा अॅडिनोव्हायरस पिल्लांना मारतो आणि प्रौढांमध्ये लक्षणांविना राहू शकतो, त्यासाठी अवस्करातल्या (विष्ठा बाहेर पडते त्या द्वारातल्या) नमुन्याची पीसीआर (जनुकीय) चाचणी मागावी लागते. लेपर्ड गेकोची शेपटी काडीसारखी बारीक होत गेली, खाल्लेलं उलटून पडलं, तर क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीची पीसीआर चाचणी आधी. याला खात्रीचा इलाज नाही, म्हणून निदान लवकर होणं इतर प्राण्यांसाठी महत्त्वाचं.

दोघंही एकाच दिवशी एकाच खाण्यातून गेले-बिघडले असतील तर विषबाधा आठवा. काही जातींचा एकच काजवा बिअर्डेड ड्रॅगनला काही तासांत मारू शकतो. बाहेरून पकडलेले किडे, कीटकनाशक मारलेली पानं, अॅव्होकॅडो हे लगेच बंद.

डोकं मागे वळून आकाशाकडे राहणं, तोल जाणं, झटके, उलटी, मागचे पाय ओढणं, डोळे खोल जाणं यांपैकी काहीही दिसलं तर वरची कुठलीही पायरी करत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

बरा होतो आणि पुन्हा तेच

औषध झालं, आठ-पंधरा दिवस ठीक गेले, आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा खाणं बंद. हे चक्र ओळखीचं असेल तर औषध चुकलं असं लगेच म्हणू नका. बहुतेकदा टाकी चुकलेली असते. कॉक्सिडिया आणि क्रिप्टोस्पोरिडियमचे बीजाणू ब्लीचला दाद देत नाहीत. एकास नऊ पाणी घातलेलं घरगुती ब्लीच जिवाणूंना पुरतं, बीजाणूंना नाही. त्यांच्यासाठी उष्णता लागते: काच, सिरॅमिक, चिमटे यांवर उकळतं पाणी किंवा स्टीम क्लीनर, प्रत्येक जागी थांबून, मग पूर्ण कोरडं. काच थंड असताना उकळतं पाणी ओतू नका, तडकते. लाकूड, साल, सच्छिद्र दगड, मॉस फेकून द्या. अमोनिया वापरणार असाल तर त्याच जागी ब्लीच कधीही नको, दोन्ही मिळून विषारी वायू होतो. साफसफाईआधी विष्ठा उचलून जागा धुवा, कारण मळावर कुठलंच जंतुनाशक नीट काम करत नाही.

इलाज चालू असेपर्यंत तळाला कागद, तो रोज बदला, विष्ठा दिसताच उचला, आणि टाकीत किडे मोकळे सोडू नका. सुटलेला किडा विष्ठा खातो, सरडा किडा खातो, आणि संसर्ग परत आत जातो. इतर सरडे असतील तर त्यांचं काम आधी, याचं शेवटी, चिमटा आणि भांडी वेगळी. प्रत्येक वेळी हात साबणानं धुवा, सगळेच सरडे साल्मोनेला (माणसाचं पोट बिघडवणारे जिवाणू) वाहू शकतात.

महिन्याच्या अंतरानं येणारं चक्र मादीत दिसलं तर ते अंड्यांचं, रोज ठरलेल्या वेळी दिसलं तर दिव्याचं किंवा प्रतिबिंबाचं.

मग दुःख होतच नाही का

जातीप्रमाणे उत्तर बदलतं. ऑस्ट्रेलियातला शिंगलबॅक स्किंक (स्किंक हा सरड्यांचा एक गट) वर्षानुवर्षं त्याच जोडीदाराकडे परततो आणि मेलेल्या जोडीदाराजवळ थांबलेले शिंगलबॅक रानात पाहिले गेले आहेत. एगर्निया गटातल्या काही स्किंक कुटुंबानं राहतात. यांच्यापैकी एखादा सोबत्याशिवाय वेगळा वागला तर त्यामागे नात्याचा भाग असू शकतो, आणि त्याला शांत, न बदलणारी दिनचर्या द्यायची. बिअर्डेड ड्रॅगन आणि लेपर्ड गेको यांना सोबतीची गरज नसते. त्यांच्यात सोबती गेल्यावर जो बदल दिसतो तो जागा, वास, ऊब, अन्न आणि आजार यांतून समजावता येतो.

एकटा पडला म्हणून लगेच दुसरा आणणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. संसर्ग असेल तर नवाही जातो, नसेल तर दबून राहणाऱ्याला पुन्हा वरचढ मिळतो. शिंगलबॅकसारख्या जातीसाठीही नवा प्राणी वेगळ्या खोलीत ९० दिवस विलग ठेवा, तीन नमुने स्वच्छ येऊ द्या. उरलेल्या सरड्यालाही हीच मुदत लागू: ९० दिवस वजन स्थिर, तीन नमुने स्वच्छ, रोजचं खाणं नोंदीप्रमाणे. त्यानंतर कागद काढून माती आणि फांद्या परत द्या, एकेक वस्तू, आठवड्याच्या अंतरानं.